धोट्यातला धागा

१८५३ च्या एप्रिलमध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली. त्याच ऑगस्टमध्ये कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'मध्ये लिहिले, की रेल्वेमागून येणारे कारखाने जातींना आधार देणारी वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडतील. वर्गात हे शिकवताना मला हमखास अण्णा आठवत.

आमचे अण्णा गिरणीत साचेवाले. पक्के लाल बावट्याचे, संपात उपाशी राहिलेले. पण ते लागले तेव्हा त्यांच्या साचेखात्यात एकही अस्पृश्य कामगार नव्हता. धोट्यातली कांडी बदलली, की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. म्हणजे उष्टे! आणि पगार नेमका याच खात्यात चांगला.

१९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी यावरच बोट ठेवले. मार्क्सवाद्यांचा हिशेब असा, की अर्थव्यवस्था हा पाया, जात हा वरचा इमला. पाया बदलला की इमला ढासळेल. (यंत्र आले, सोवळेही त्याच्यासोबत आत आले, याचे काय?) पुढे ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात आंबेडकर आणि कॉम्रेड डांगे एकत्र आले, हेही खरे. वर्ग आणि जात दोन्हींशी एकदमच लढायला हवे, म्हणत शरद पाटलांनी वेगळा पक्ष काढला, तो मात्र १९७८ मध्ये.

असो. एकदा मी विचारलेच, "अण्णा, तुम्ही का नाही बोललात?"

चष्मा पुसत म्हणाले, "सभेत तसा ठराव कधी आलाच नाही गं."