वेस्ट व्हर्जिनियाचा कौल

माझ्या कवितेला टाळ्या पडल्या की कार्यक्रमानंतर कुणीतरी हळूच विचारतं, ‘आज तुमची माणसं बरीच आली होती का हो?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट असतंच असं नाही. पण टाळ्यांची किंमत निम्मी होते. अमेरिकेत १९६० साली जॉन केनेडींच्या मतांनाही हाच प्रश्न विचारला गेला.

पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी तिथं प्राथमिक निवडणुका होतात. त्या काळी मोजक्याच राज्यांत होत. बाकी प्रतिनिधी पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांच्या मुठीत. प्राथमिक फेरी जिंकायची ती या पुढाऱ्यांना ‘हा गडी नोव्हेंबरात निवडून येईल’ हे पटवण्यासाठी. केनेडी पडले कॅथलिक. १९२८ साली डेमोक्रॅटिक पक्षानं अल स्मिथ या कॅथलिकाला उभं केलं, तर टेक्सस, व्हर्जिनियासारखे बालेकिल्लेही गेले. तेव्हा देशात सुबत्ता होती, दारूबंदीचा वाद होता. पण पुढाऱ्यांच्या लक्षात राहिला तो स्मिथ यांचा धर्म.

५ एप्रिल १९६०. विस्कॉन्सिन. समोर शेजारच्या मिनेसोटाचे सिनेटर ह्युबर्ट हंफ्री. केनेडींना सुमारे ५६ टक्के मतं मिळाली, दहापैकी सहा मतदारसंघ मिळाले. मग नकाशे पसरले गेले. गमावलेले चार प्रॉटेस्टंट वस्तीचे, आणि जिंकलेल्या भागांत कॅथलिकांचा भरणा. शिवाय तिथं कोणत्याही पक्षाच्या मतदाराला या निवडणुकीत मत देता येई. म्हणजे रिपब्लिकन कॅथलिकही केनेडींकडे वळले असणार! जिंकूनही हाती पुरावा नाही. हंफ्रींची किती मतं त्यांच्या धर्मबांधवांची, हे मोजण्यासाठी कुणी एवढा जीव काढल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही.

पुढचा मुक्काम वेस्ट व्हर्जिनिया. कोळशाच्या खाणींचा डोंगराळ मुलूख. खाणींत यंत्रं आली आणि हजारो माणसं बेकार झाली. कॅथलिक शंभरात जेमतेम पाच. इथं केनेडींनी धर्माचा विषय टाळणं सोडलं. नौदलात गेलो तेव्हा कुणी माझा धर्म विचारला नाही, असं ते सांगू लागले. थोरला भाऊ युद्धात गेलेला. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. अर्थात नुसत्या वक्तृत्वावर भागलं नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे चिरंजीव प्रचारात उतरवले गेले आणि पैसा ओतल्याचे आरोपही झाले. १० मे रोजी केनेडींना ६१ टक्के, हंफ्रींना ३९. हंफ्रींनी त्याच रात्री माघार घेतली आणि जुलैत लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात केनेडींना पहिल्याच फेरीत उमेदवारी मिळाली.

पण ही परीक्षा तरी कितपत खरी होती? मतं दिली ती पक्षाच्याच मतदारांनी, आणि राज्य परंपरेनं डेमोक्रॅटिक. नोव्हेंबरात तिथं केनेडींचा आकडा ६१ वरून सुमारे ५३ टक्क्यांवर आला. राज्य राखलं, एवढंच. विस्कॉन्सिन निक्सन यांनी घेतलं. साऱ्या देशात, जवळजवळ सात कोटी मतांत, दोघांमधलं अंतर सव्वा लाखाच्याही आत राहिलं. आणि त्या मोजणीत विस्कॉन्सिनमध्ये ज्यांचा हिशेब वजा केला होता, त्या कॅथलिकांचं प्रत्येक मत एकेक मतच धरलं गेलं.