तळघराविना घर : गृहरचनेचा इतिहास आणि अंधाराची जागा

गास्ताँ बाशलार यांचा ‘ला पोएतिक द लेस्पास’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. १९६४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि साहित्यातील अवकाशाचा विचार करणाऱ्यांसाठी तो आधारग्रंथ ठरला. बाशलार यांच्या मांडणीत घर ही मूलतः उभी रचना आहे. वर माळा आणि खाली तळघर ही तिची दोन टोके. माळ्यावर विवेकाचा उजेड असतो, तर तळघरात अबोधाचा अंधार. माळ्याचा जिना स्मृतीत नेहमी चढायचा असतो आणि तळघराचा नेहमी उतरायचा. या मांडणीमागे युंग यांच्या विचारांचा आधार आहे. युंग यांनी १९०९ साली पडलेले एक स्वप्न आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्यात ते घराच्या एकेका मजल्यावरून खाली उतरत अखेर कवट्या पडलेल्या गुहेत पोहोचतात. पॅरिसमधील सदनिका एकमेकींवर रचलेल्या खोक्यांसारख्या आहेत आणि त्यांना तळघर नाही, याची खंत बाशलार यांना वाटते ती याच भूमिकेतून.

ही मांडणी भारतीय भाषांतील साहित्याला लावताना एक अडचण उभी राहते. येथील बहुसंख्य घरांना तळघर नाही. मग या घरांतील कथांना अबोध नाही, असे म्हणावयाचे काय? की तो तलविन्यासात दुसऱ्या ठिकाणी आहे? प्रतीकांचा विचार करून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. त्यासाठी बांधकामाच्या इतिहासाकडे वळावे लागते. तळघर मुळात का खणले गेले, ते कोणी आणि कोणत्या कारणाने वगळले आणि वगळल्यावर त्यात जे होते ते कोठे गेले, हे पाहिले पाहिजे.

१. तळघराची कारणे

अमेरिकेच्या उत्तर भागात तळघर आले ते गरजेपोटी. हिवाळ्यात तेथील जमीन खोलवर गोठते. मातीतील पाणी गोठताना फुगते आणि उथळ पाया वर उचलला जातो. म्हणून पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात ही रेषा साधारण चार फुटांवर असते. भिंतींसाठी एवढे खणावयाचेच, तर आणखी थोडे खणून एक मजला मिळवणे स्वस्त पडे. दुसरे कारण कोळशाच्या भट्टीचे. गरम हवा आपोआप वर चढते, म्हणून भट्टी खाली असणे सोयीचे. बटाटे, सफरचंदे आणि मुरवलेल्या भाज्यांच्या बरण्या हिवाळाभर टिकवण्यासाठी थंड जागा हवी, हे तिसरे. धुण्याची टाकी आणि अडगळ यांचीही सोय तेथेच होत असे.

बाशलार यांचा जन्म १८८४ साली बार-स्यूर-ओब येथे झाला. हा शाम्पेन प्रांत द्राक्षमद्याचा आणि ते मुरवण्याच्या तळघरांचा आहे. ज्या तळघराला त्यांनी मनाचे सार्वत्रिक प्रतीक केले, त्याची मुळे हिम, इंधन आणि मद्य यांत आहेत. यामुळे त्या प्रतीकाचे मोल कमी होत नाही. मात्र ते एका विशिष्ट हवामानात घडले आहे, याचे भान ठेवावे लागते.

२. जेकब्स यांचे घर

मॅडिसन येथील पत्रकार हर्बर्ट जेकब्स आणि त्यांच्या पत्नी कॅथरीन यांनी १९३६ साली फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे पाच हजार डॉलरांत बसेल असे घर मागितले. मंदीच्या काळात मध्यमवर्गाला परवडेल असे चांगले घर अमेरिकेत का होऊ नये, हा प्रश्न राइट यांनाही पडलेला होता. १९३७ साली हे घर उभे राहिले. राइट यांच्या मानधनासह त्याला साडेपाच हजार डॉलर खर्च आला. ‘यूसोनियन’ म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या घरांतील हे पहिले मानले जाते. २०१९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत राइट यांच्या ज्या आठ वास्तूंचा समावेश झाला, त्यांत हे घर आहे.

खर्च आटोक्यात आणण्यासाठी घरातून काय काय वगळता येईल, याची यादी राइट यांनी १९३८ साली ‘आर्किटेक्चरल फोरम’मध्ये प्रसिद्ध केली. मोटारीची बंद खोली, गिलावा, रंग, उष्णतेसाठी खोल्याखोल्यांत ठेवावी लागणारी नळकांडी आणि जुन्या पद्धतीचे तळघर या त्यातील काही बाबी. तळघर वगळण्यासाठी त्यांनी पायाचाच पुन्हा विचार केला. दगडखडीने भरलेल्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या थरावर काँक्रीटची फरशी ओतली. खाली पाणी साठणार नसेल, तर गोठून फुगण्याची भीती उरत नाही. फरशीखाली नळ टाकून घर तापवण्याची योजना केली. ही कल्पना जपानमध्ये सुचल्याचे राइट सांगतात. तोक्योमधील बॅरन ओकुरा यांच्या घरी त्यांनी कोरियन पद्धतीची एक खोली अनुभवली होती. तिची जमीन खालून तापवलेली असे. अमेरिकेच्या घरातून तळघर हद्दपार करण्यात आशियातील एका जुन्या गृहपरंपरेचा असा वाटा आहे.

आता नकाशा पाहू. जमिनीवर दोन फूट बाय चार फुटांच्या चौकटींचे जाळे आखून घर एल आकारात मांडलेले आहे. एका पाखेत बैठक, दुसरीत निजण्याच्या खोल्या. रस्त्याकडील भिंत जवळजवळ बंद, तर बागेकडील बाजू काचेच्या दारांची. दोन पाखा जेथे मिळतात तेथे स्वयंपाकघर आणि स्नानगृह. पूर्वी मोलकरणींवर सोपवलेले आणि घराच्या मागे लोटलेले स्वयंपाकघर येथे बिजागरीच्या जागी आले. चुलीपाशी उभ्या असलेल्या गृहिणीला जेवणाची जागा, बैठक आणि मुलांचा वावर सारे जवळ झाले. वस्तू ठेवण्याची कपाटे निजण्याच्या खोल्यांच्या बोळालगत गेली. खाली जे होते ते बाजूला सरकले.

तरीही हा त्याग पूर्ण नव्हता. भट्टीसाठी लागणारी जागा राइट यांनी आपल्या यादीतच अपवाद म्हणून राखली होती आणि जेकब्स यांच्या घरात या मधल्या गाभ्याखाली तेवढे एक लहानसे तळघर खणावे लागले. ज्या घराची ख्याती तळघर नसण्याबद्दल आहे, त्याच्या पोटात एवढा अंधार शिल्लक राहिला. पुढे १९४२ मध्ये जेकब्स कुटुंब हे घर सोडून शेतावर राहावयास गेले. राइट यांनीच त्यांच्यासाठी दुसरे घर रचले. त्याच्या उत्तर बाजूला मातीचा उंच बांध घातलेला आहे आणि त्या मातीतून काढलेल्या बोगद्यातून घराकडे वाट जाते. जमिनीखालून हाकललेली माती येथे पाठीशी येऊन उभी राहिली.

३. लेव्हिटटाउन : नियमाने लपवलेले

यूसोनियन घर ही मोजक्या सुशिक्षितांची गोष्ट राहिली. तळघराविना घर लाखोंच्या आवाक्यात आले ते युद्धोत्तर काळात. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिट आणि मंडळींनी १९४७ ते १९५१ या काळात १७,४४७ घरे उभारली. त्यांपैकी आल्फ्रेड लेव्हिट यांनी ग्रेट नेक येथील राइट यांच्या एका घराचे बांधकाम पूर्वी जवळून पाहिले होते. प्रारंभीची घरे सुमारे साडेसातशे चौरस फुटांची, सरळ जमिनीवर ओतलेल्या फरशीवर उभी आणि फरशीतील नळांनी तापणारी होती. हेम्पस्टेडच्या बांधकाम नियमांनुसार तळघर आवश्यक होते. युद्धावरून परतलेल्या, निवाऱ्यासाठी ताटकळलेल्या सैनिकांचा दबाव इतका होता, की मे १९४७ मध्ये हा नियम बदलावा लागला.

येथेही तळघरातील गोष्टी नकाशात वर आल्या. स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आले आणि कपडे धुण्याचे यंत्र त्यातच बसले. जिन्यावरचा माळा पुढे वाढत्या कुटुंबाने पूर्ण करावा म्हणून अर्धवट सोडला होता. तळघर नसलेल्या या घराला वरचे टोक तेवढे उरले. जे लपवण्यास आता जागा नव्हती, ते करारातील अटींनी लपवले. धुतलेले कपडे कोठे आणि कोणत्या दिवशी वाळत घालावेत, यावरही बंधने होती. याच करारांत, गोऱ्या वंशाखेरीज इतरांनी या घरात राहू नये, अशीही अट होती. अशा अटी न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. पण वस्तीचा रंग त्यामुळे लगेच बदलला नाही. या सपाट, उजळ घरांचा अंधार त्यांच्या वेशीबाहेर ठेवलेला होता. तो शोधण्यासाठी जिना उतरून उपयोग नाही. कोणाला आत घेतले नाही हे पाहावे लागते.

४. जोते, पेव आणि माजघर

मराठी मुलखात जमीन गोठत नाही. येथे भीती आहे ती पावसाळ्यातील ओलीची. त्यामुळे घर जमिनीत उतरण्याऐवजी जोत्यावर चढते. कोकणातील चिऱ्याच्या घराला उंच जोते असणे याचसाठी आवश्यक असते. देशावरील काही वाड्यांना तळघरे होती, परंतु ती धान्यासाठी, धनासाठी किंवा उन्हाळ्यातील गारव्यासाठी. सर्वसाधारण घराचा तो अनिवार्य भाग नव्हता.

साठवण जमिनीखाली होती, पण ती खोली नव्हती. धान्य ठेवण्यासाठी जमिनीत खणलेले पेव तोंड बुजवून बंद केले जाई. माणसाने तेथे वावरावे अशी कल्पनाच नव्हती. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार या व्यवस्थेची आठवण आहे. त्यात कोणी खाली उतरत नाही. जे दडवलेले आहे तेच बाहेर येते. पुरलेल्या धनाचे हंडे दिसतात ते पायाळू माणसाला. वास्तुशांतीच्या वेळी घराच्या कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरण्याची रीत आहे. फरशीखाली काहीतरी आहे ही जाणीव येथेही आहे, पण तेथे जाणारा जिना नाही. रवींद्रनाथांच्या ‘संपत्ति-समर्पण’ या कथेत धनाच्या राखणीसाठी एका मुलाला जमिनीखाली कोंडले जाते. ती कोठडी राहत्या घराखाली नसून एका पडक्या देवळाखाली आहे, ही बाब या संदर्भात लक्षणीय ठरते. पोच्या ‘द ब्लॅक कॅट’मधील गृहस्थ पत्नीचे प्रेत आपल्याच तळघराच्या भिंतीत चिणतो, रवींद्रनाथांच्या वृद्धाला त्यासाठी घर सोडून जावे लागते.

मग घरातला अंधार कोठे? याचे उत्तर नकाशातच आहे. ओटी किंवा ओसरी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, परसदार असा पुढून मागे जाणारा हा क्रम आहे. उजेड आणि परके पुरुष दोन्ही ओसरीवर थांबतात. माजघराच्या चारही अंगांना खोल्या असल्याने ते दिवसाही अंधारे असते. त्याला लागून असलेली बाळंतिणीची खोली तर वारा आणि उजेड लागू नये म्हणून मुद्दाम बंदिस्त ठेवलेली असे. येथील अंधार खाली नाही, तो आत आहे. भाषेनेही हीच दिशा धरली आहे. मनातले न सांगणारा माणूस ‘आतल्या गाठीचा’ असतो. विटाळाच्या दिवसांत स्त्री ‘बाहेरची’ होते, ‘बाजूला’ बसते. ‘आत’, ‘बाहेर’, ‘बाजूला’ या तिन्ही शब्दांची दिशा आडवी आहे. आणि या आडव्या क्रमाच्या आतल्या टोकाला जी व्यक्ती राहते, ती बहुधा स्त्री आहे.

हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीकडे असे पाहिले, तर तिचे स्थलांतर केवळ कथानकाचे राहत नाही. यमूचे सुखाचे दिवस मुंबईच्या बिऱ्हाडात जातात. तेथे जागा थोडी आहे आणि म्हणूनच पुढे-मागे असा भेद फारसा पाळता येत नाही. नवरा-बायकोला एकमेकांशी बोलता येते. वैधव्यानंतर ती पुण्याच्या घरात परतते आणि तेथेच तिचे केशवपन होते. हा पुन्हा आत जाण्याचा प्रवास आहे. बाशलार यांच्या वाचकाला तळघराकडे उतरणारा जिना येथे सापडणार नाही आणि त्यामुळे या घरात खोली नाही, असा त्याचा समज होऊ शकेल. वास्तविक एकेक उंबरठा ओलांडून तो त्याच खोलीकडे जात असतो.

जवळपास शतकानंतर लिहिलेल्या महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकातही हा आडवा क्रम टिकून आहे. फरक एवढाच, की तो आता उलटू लागला आहे. दर्शनी भागात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे. प्रतिष्ठेने जेथे दिसावयाचे, तेथेच घराचे अपयश सर्वांना दिसते आहे. आणि आत जपलेले दागिने घरातल्याच मुलीबरोबर बाहेर जातात. हे पेवच फुटल्यासारखे आहे.

५. तुलनेची पूर्वतयारी

मॅडिसन, लाँग आयलंड आणि पुणे यांच्यामध्ये प्रभावाचे नाते नाही आणि ते शोधण्याचे कारणही नाही. तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न वेगवेगळ्या प्रकारे सोडवलेला दिसतो. ज्या घराला खाली जागा नाही, त्याने आपली साठवण, आपली ऊब आणि आपली लाज कोठे ठेवावी? राइट यांनी बोळ, कपाटे आणि मधला गाभा यांत ती वाटून टाकली. लेव्हिट यांनी ती करारात घातली. मराठी घराने ती आत, स्त्रियांच्या वाट्याला दिली. यांतील पहिल्या उत्तराची किंमत थोडी जागा होती. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची किंमत माणसांनी मोजली.

तौलनिक अभ्यासात घराचे प्रतीक वाचण्याआधी घराचा नकाशा वाचला पाहिजे, तो याचसाठी. बाशलार यांचा उभा अक्ष जेथे तळघर खणले गेले तेथे सार्थ आहे. तो येथे जसाच्या तसा आणला, तर माजघरात बसलेली यमू वाचकाच्या नजरेतून सुटते. कारण तो तिला जमिनीखाली शोधत राहतो.