भयाची किंमत : कुलाब्याचे अफगाण चर्च आणि आजचा रशिया

मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाकडे, कुलाब्यास, आरमारी वसाहतीच्या वाटेवर एक उंच मनोऱ्याचे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. लोक त्यास अफगाण चर्च म्हणतात. गिरगावातून किंवा दादरहून समुद्राचा वारा घेण्यासाठी तिकडे जाणाऱ्या मंडळींपैकी फारच थोड्यांस असा प्रश्न पडतो, की आपल्या मुंबईत अफगाणांचे नाव आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर ते ‘रशिया’ हे होय. एका साम्राज्यास दुसऱ्याचे जे भय वाटले, त्या भयापायी मेलेल्यांचे ते स्मारक आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हापासून आमच्या परिचयाच्या घरांत या विषयावर दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, पाश्चात्यांनी आपला लष्करी संघ रशियाच्या दाराशी नेऊन भिडविला, मग रशियाने दुसरे काय करावे? दुसरा म्हणतो, भयाची ही सारी भाषा ढोंगाची असून मूळ हेतू राज्यविस्ताराचा आहे. आमचे स्वतःचे मन या वादात कोरे होते असे आम्ही म्हणणार नाही. सोव्हिएत देशांतून येणारी स्वस्त व सुबक मराठी पुस्तके वाचून आमची पिढी लहानाची मोठी झाली. पवईची तंत्रविद्येची संस्था १९५८ साली उभी राहिली ती सोव्हिएत साहाय्याने. आणि ९ ऑगस्ट १९७१ चा मैत्रीचा तह आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही शेकडो वेळा ऐकला. कृतज्ञता हा सद्गुण खराच; परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तिला न्यायासनावर बसवू नये. म्हणून वाचकांस आम्ही प्रथम कुलाब्यास नेतो.

१८३७ च्या अखेरीस इराणच्या शहाने हेरातला वेढा घातला, आणि रशियाचा वकील त्याच्या पाठीशी होता. त्याच सुमारास विट्केविच नावाचा रशियन अधिकारी काबूलला पोहोचला. तेथे इंग्रजांचा वकील म्हणून अलेक्झांडर बर्न्स हा मुंबईच्या फौजेतील अधिकारी आधीच आलेला होता. काबूलचा अमीर दोस्त महंमद याच्याशी सख्य राखावे, असे बर्न्सचे मत होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यास ते पटले नाही. त्याने जून १८३८ मध्ये रणजितसिंग व पदच्युत शहा शुजा यांच्याशी त्रिपक्षीय तह केला आणि १ ऑक्टोबर रोजी सिमल्याहून जाहीरनामा काढून दोस्त महंमदास पदच्युत करण्याचा बेत जगास कळविला. कारण काय, तर हिंदुस्थानच्या सरहद्दीची सुरक्षितता!

येथे एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. मुंबईहून गेलेल्या एका लहानशा तुकडीने त्याच वर्षी जूनमध्ये इराणच्या आखातातील खार्ग बेट व्यापले होते. तेवढ्या दडपणाने शहा नरमला आणि ९ सप्टेंबरला हेरातचा वेढा उठला. पुढे रशियाने आपले दूतही परत बोलाविले. म्हणजे युद्धाचे सांगितलेले कारण युद्धापूर्वीच नाहीसे झाले. पण युद्ध मात्र थांबले नाही. सर जॉन कीन याच्या हाताखाली मुंबईची फौज जहाजांत बसून सिंधला उतरली. सिंधच्या अमिरांशी १८३२ साली झालेल्या तहात सिंधू नदीतून लष्करी सामान न्यावयाचे नाही, असे स्पष्ट कलम होते. ते बाजूस सारण्यात आले. १८४३ साली तर सिंधच खालसा झाला आणि १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्यास जोडलेला होता. ज्यांचा या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांचेच राज्य प्रथम बुडाले.

काबूलची कथा सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर १८४१ मध्ये बर्न्स मारला गेला. जानेवारी १८४२ मध्ये काबूल सोडून निघालेल्या सुमारे सोळा हजार माणसांची, शिपाई व बाजारबुणगे यांसह, बर्फात व खिंडींत वाताहत झाली. पुढच्या वर्षी दोस्त महंमद पुन्हा काबूलच्या गादीवर बसला. ज्याच्याशी एका पत्राने मैत्री झाली असती, त्याच्याशी पाच वर्षे रक्त सांडून अखेर जुळवूनच घ्यावे लागले. याहून वाईट गोष्ट अशी, की १८३९ साली पार्लमेंटपुढे ठेवलेल्या कागदपत्रांतून बर्न्सची दोस्त महंमदास अनुकूल असलेली वाक्ये छाटलेली होती. भय जेव्हा धोरण बनते, तेव्हा त्यास गैरसोयीची सत्ये खपत नाहीत.

मग ते भय खोटे होते काय? तसेही म्हणता येत नाही. रशियाने १८६५ साली ताश्कंद घेतले, १८७३ साली खिवा नमविला, १८८४ साली मर्व गिळंकृत केले. भयास आधार होता. चूक होती ती उपायात. शेजाऱ्याचे स्वातंत्र्य म्हणजे आपल्या घराचे कुंपण होय, या समजुतीत ती होती. ‘भय खरे की खोटे’ हा एक प्रश्न आणि ‘त्या भयापोटी शेजाऱ्याचे घर घेण्याचा हक्क उत्पन्न होतो काय’ हा दुसरा. आजचे दोन्ही पक्ष या दोन प्रश्नांची गल्लत करतात, असे आमचे मत आहे.

आता रशियाकडे वळू. त्याचे भय बनावट नाही. १८१२ साली नेपोलियन आणि १९४१ साली हिटलर पश्चिमेकडूनच आले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत देशांची सुमारे पावणेतीन कोटी माणसे मेली. त्या झुंजीचा ध्वनी आपल्या लालबाग-परळच्या गिरणगावापर्यंत पोहोचला होता. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, तो याच काळात. पुढे १९९० साली जर्मनीच्या एकीकरणाची बोलणी चालली असता अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याने गोर्बाचेव्ह यांस नाटो संघ पूर्वेकडे सरकणार नाही असे तोंडी सांगितले होते; लेखी तहात मात्र ते उतरले नाही. १९९९ साली तीन व २००४ साली सात राष्ट्रे त्या संघात आली. जॉर्ज केनन या वृद्ध अमेरिकन मुत्सद्याने १९९७ सालीच या विस्तारास मोठी घोडचूक म्हटले होते. २००८ साली बुखारेस्ट येथे युक्रेन व जॉर्जिया पुढेमागे सभासद होतील असे जाहीर झाले. केव्हा, ते सांगितले नाही. म्हणजे शेजाऱ्याचे भय वाढविले आणि ज्यांस आशा दिली त्यांस संरक्षण दिले नाही. असले अर्धवट औदार्य मुत्सद्देगिरीत मोठेच पाप होय.

तथापि, तोंडी शब्द मोडल्याचा दोष मोठा असेल, तर लेखी शब्द मोडल्याचा त्याहून मोठा मानला पाहिजे. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशियाने युक्रेनच्या तत्कालीन सीमांचा आदर करण्याचे लिहून दिले आणि त्याच्या बदल्यात युक्रेनने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडली. २०१४ साली क्रिमिया घेताना तो कागद सिंधच्या अमिरांच्या कागदाच्याच वाटेने गेला. शिवाय पावणेतीन कोटी मृतांत युक्रेनियन माणसेही लक्षावधी होती; त्या बलिदानाचा वारसा एकट्या रशियाने सांगणे न्यायाचे नाही. आणि फळ काय मिळाले? आजवर तटस्थ राहिलेला फिनलंड २०२३ साली व स्वीडन २०२४ साली नाटोत गेले, आणि रशियाची त्या संघाशी भिडलेली सरहद्द तेराशे किलोमीटरांहून अधिक वाढली. ऑकलंडने वैरी निर्माण केला. रशियाने दोन शेजारी वैऱ्यांस नेऊन दिले.

लष्करी संघ म्हटला की मराठी वाचकास वसईचा तह आठवल्यावाचून राहत नाही. होळकरांपुढे पुणे सोडून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांची फौज मागून घेतली. फौज आली आणि परराष्ट्रांशी स्वतंत्रपणे बोलण्याचा अधिकार गेला. नाटो ही आधुनिक तैनाती फौजच आहे, असे आमचे काही मित्र म्हणतात. उपमा मनोवेधक आहे, पण पुरती लागू पडत नाही. फ्रान्सने १९६६ साली त्या संघाच्या एकत्रित लष्करी व्यवस्थेतून अंग काढून घेतले, तरी पॅरिसवर कोणी तोफा डागल्या नाहीत; तुर्कस्तान व हंगेरी यांनी स्वीडनचा प्रवेश कित्येक महिने रोखून धरला. बाजीरावाने १८१७ साली मान वर केली तेव्हा त्याचे राज्यच गेले. अधिक बलवानाच्या आश्रयास जाणाऱ्यास ‘तू का गेलास’ असे विचारण्यापूर्वी, ‘तुला कोणाचे भय वाटले’ हेही विचारावयास हवे.

राहता राहिला आर्थिक बहिष्कार. त्याच्या जोरावर युद्ध थांबेल, ही आशा नवी नाही. राष्ट्रसंघाने १९३५ साली इटलीवर निर्बंध घातले, पण त्यांतून तेल वगळले. पुढच्या मे महिन्यात अदिस अबाबा पडले. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ ते १८५६ या काळात, रशियाचे जवसाचे व भांगेचे तंतू इंग्लंडला मिळेनासे झाले, तेव्हा डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागाकडे वळल्या आणि तह झाल्यावरही तो व्यापार बंगालपाशीच राहिला. बंद केलेला व्यापार मरत नाही, वाट बदलतो. २०२२ नंतर रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठविले गेले. पण त्याचे तेल स्वस्त होऊन आपल्याकडे आले, आणि जेथे युद्धापूर्वी आपल्या आयातीत त्याचा वाटा नाममात्र होता, तेथे दोन वर्षांत तो तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. त्याची किंमतही आपणांस भरावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच कारणास्तव भारतीय मालावर शेकडा २५ ची जादा जकात बसविली, आणि तिची झळ कापड व जवाहीर यांच्या निर्यातीस लागली. स्वस्त तेल घेणे हा गरीब देशाचा गुन्हा आहे असे आम्ही मानीत नाही. परंतु त्या व्यवहारास तत्त्वनिष्ठेचे नाव देऊ नये, इतके तरी आपण कबूल करावे.

हेरातपासून सुरू झालेल्या त्या जुन्या भयाचा शेवट कसा झाला, हे सांगून आम्ही लेखणी ठेवतो. ३० मार्च १८८५ रोजी पंजदेह येथे रशियनांनी अफगाण फौजेचा मोड केला आणि इंग्लंड व रशिया यांच्यात युद्ध पेटणार असे सर्वांस वाटले. पेटले नाही, सरहद्द आखणारे मोजणीदार पाठविण्यात आले. १९०७ साली दोन्ही साम्राज्यांचा करार झाला. पन्नास वर्षे तोफांनी जे साधले नाही, ते साखळी व नकाशा यांनी साधले. मात्र त्या कराराच्या वेळी अमीर हबीबुल्ला यास कोणी विचारले नाही, आणि त्यानेही त्यास कधी संमती दिली नाही. युक्रेनविषयी जो तह टिकाऊ व्हावयाचा असेल त्यात रशियाच्या भयाचा विचार अवश्य असावा. परंतु जो करार युक्रेनला बाहेर उभे करून होईल, तो तह नव्हे, वाटणी होय.

अफगाण चर्चमध्ये भिंतीवर अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. साध्या शिपायांविषयी एवढेच लिहिले आहे, की त्यांची संख्या फार असल्यामुळे नावे देता आली नाहीत. त्या काळी मुंबईच्या फौजेत कोकणातील व देशावरील कितीतरी गावांची माणसे होती. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी एकदा तेथे जाऊन ती भिंत वाचावी. साम्राज्याचे भय कोणाचेही असो, त्याची किंमत ज्यांनी भरली, त्यांची नावे कोरण्यापुरती जागा त्या भिंतीवर उरली नाही.