राणी का लढली? : लक्ष्मीबाईंच्या प्रतिमेचा भाषाभाषांतील प्रवास

वाराणसीत अस्सी घाटाजवळच्या भदैनी भागात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान दाखविले जाते. तेथे त्यांचे स्मारकही आहे. दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या आश्रयाने काशीत राहणारे मोरोपंत तांबे आणि भागीरथीबाई यांची ही कन्या. तिचे माहेरचे नाव मणिकर्णिका. ते काशीच्या एका घाटाचेही नाव होय. जन्मवर्षाबाबत मात्र एकमत नाही. लोकमान्य झालेले वर्ष १८२८. चरित्रपरंपरेत १८३५ हेही वर्ष आढळते. १८४२ मध्ये गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह झाला तेव्हा वधू तेरा-चौदा वर्षांची होती की सहा-सात वर्षांची, आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ मृत्यू आला तेव्हा राणी तिशीला टेकली होती की अवघी बाविशीत होती, हे त्या सात वर्षांवर अवलंबून आहे. दस्तऐवज जेथे गप्प होतो तेथे कथनकाराची निवड सुरू होते. अशा निवडींपैकी सर्वांत निर्णायक निवड एका प्रश्नाशी निगडित आहे : राणी का लढली?

या प्रश्नाचे पहिले विस्तृत मराठी उत्तर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या १८९४ च्या चरित्रात मिळते. साम्राज्य भरात असताना आणि राणीचे दत्तकपुत्र दामोदरराव इंदुरात हयात असताना लिहिलेल्या या ग्रंथाची भूमिका अशी, की राणी मुळात इंग्रजांविरुद्ध नव्हती. परिस्थितीच्या सक्तीने तिला शस्त्र धरावे लागले. जून १८५७ मध्ये झोकनबागेत झालेल्या इंग्रजांच्या हत्याकांडाचा डाग तिच्या नावावरून पुसणे, ही त्या काळातील चरित्रकाराची निकड होती. त्यामुळे या चरित्रात इतिहासकथनाबरोबर बचावाची बाजूही मांडली जाते.

हिंदीतील उत्तर याच्या उलट आहे. वृंदावनलाल वर्मा यांची ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’ ही कादंबरी १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, प्रसिद्ध झाली. प्रास्ताविकातच त्यांनी पारसनीसांचे मत खोडून काढले आहे. वर्मांचे पूर्वज राणीच्या बाजूने लढले होते आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली राणी सक्तीने नव्हे, स्वराज्यासाठी लढणारी होती. येथे कौटुंबिक स्मृती मुद्रित चरित्राला आव्हान देते. सुभद्राकुमारी चौहान यांच्या सुप्रसिद्ध कवितेनेही आपल्या कथेचे श्रेय बुंदेलखंडातील हरबोल्यांना दिले होते. बंगालीत महाश्वेता देवी यांनी ‘झाँसीर रानी’ या १९५६ च्या पहिल्याच ग्रंथासाठी बुंदेलखंडात हिंडून लोकगीते आणि दंतकथा गोळा केल्या, आणि लोकस्मृतीला कागदपत्रांच्या बरोबरीचे स्थान दिले.

या दोन उत्तरांच्या दरम्यान एक तिसरी साक्ष आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये संस्कारित स्वरूपात छापला. मूळ हस्तलिखितावर आधारलेली संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली १९६६ मध्ये पुढे आली. काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी, गोडसे भटजींना धुळीने माखलेली, तहानलेली राणी भेटते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती स्वतः दोरी-मडके घेते. मग ती जे बोलते त्याचा आशय असा : विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरे, हा उद्योग धर्माच्या अभिमानापायी केला, आणि ईश्वराने यश दिले नाही. या बोलण्यात सक्ती नाही आणि स्वराज्यही नाही. आहे तो धर्माभिमान, थकवा आणि दैवाविषयीची खंत. अर्थात हीदेखील पाव शतकानंतरची आठवण आहे, आणि ती भिक्षुकाच्या शब्दांत सांगितली गेली आहे. राणीच्या मुखी आलेला धर्म काही अंशी सांगणाऱ्याचाही असू शकतो.

राणीचा स्वतःचा आवाज उरला आहे तो मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांना पाठविलेल्या खलित्यांत, म्हणजे दरबारी विनंतीच्या साच्यात. पाश्चात्त्य लेखकांनी तिची तुलना वारंवार फ्रान्सच्या जोन ऑफ आर्कशी केली. मायकेल व्हाइट यांच्या १९०१ च्या कादंबरीच्या शीर्षकातच ती आहे. पण ही तुलना एका ठिकाणी अडते. जोनवरील १४३१ च्या खटल्यात तिची उत्तरे नोंदली गेली. त्या नोंदींच्या आधारेच कार्ल ड्रायर यांनी १९२८ चा मूकपट रणांगण टाळून केवळ प्रश्नोत्तरांवर आणि चेहऱ्यांवर उभा केला. राणीची अशी उलटतपासणी कधी झालीच नाही.

या रिकाम्या जागेत भारतीय चित्रपटाने रणांगण आणले. सोहराब मोदी यांचा १९५३ चा ‘झाँसी की रानी’ हा टेक्निकलरमधील पहिला भारतीय चित्रपट मानला जातो. मेहताब राणीच्या, तर स्वतः मोदी राजगुरूच्या भूमिकेत होते. राणीच्या निश्चयाला दिशा देणारा गुरू पडद्यावर येतो, तेव्हा ‘का लढली’ या प्रश्नाचे उत्तर तिच्या अंतःकरणातून गुरूच्या उपदेशाकडे सरकते. २०१७ मध्ये ‘मणिकर्णिका’ चित्रपटाच्या फलकाचे अनावरण वाराणसीच्या घाटावर झाले; २०१९ मध्ये तो प्रदर्शित झाला. काशीचे नाव शीर्षकात आले, पण नायिका घडते ती तलवार आणि घोडा यांच्या दृश्यभाषेत.

कल्पनेला कोठे थांबविले जाते, हेही उद्बोधक आहे. जयश्री मिश्रा यांच्या ‘रानी’ या इंग्रजी कादंबरीत राणी आणि इंग्रज अधिकारी रॉबर्ट एलिस यांच्यात प्रेमभाव कल्पिला होता. उत्तर प्रदेश शासनाने २००८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ‘मणिकर्णिका’लाही चित्रीकरणाच्या काळातच, २०१८ मध्ये, राजस्थानात अशाच संशयावरून विरोध झाला. युद्धाचे प्रसंग कितीही कल्पित असले तरी चालतात; अंतःकरणाचा एक कल्पित प्रसंग मात्र सहन होत नाही. दुसरीकडे, राणीची सहकारी झलकारीबाई हिची कथा दलित लेखनाने आणि लोकस्मृतीने उचलून धरली, आणि २००१ मध्ये तिच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. म्हणजे पुनर्कल्पना ही नेहमी विकृतीच असते असे नाही. लेखी इतिहासाने वगळलेल्यांना तिने जागाही दिली आहे.

तेव्हा कोणती राणी खरी, एवढा एकच प्रश्न तौलनिक अभ्यासकाला पुरत नाही. कोणत्या काळाला कोणते उत्तर हवे होते आणि ते मिळविताना कोणती साक्ष बाजूला पडली, हेही त्याला तपासावे लागते. १८९४ ला निर्दोष राणी हवी होती, १९४६ ला स्वराज्याची राणी हवी होती, आणि पडद्याला अजिंक्य राणी हवी आहे. या तिन्ही गरजांत काल्पीच्या वाटेवरील विहीर सहज बसत नाही, कारण तेथे राणीला तहान लागली आहे आणि आपण हरलो हे तिला कळले आहे. भिक्षुकाने नोंदविलेला तो क्षण पूर्ण सत्य आहे असा दावा करता येणार नाही. परंतु जी पुनर्निर्मिती त्याला सामावू शकत नाही, तिने राणीचे शौर्यही पुरते ओळखले आहे असे म्हणता येत नाही. कारण त्या विहिरीवरून उठून राणी पुन्हा लढायलाच गेली होती.