पहिला पगार हाती पडेपर्यंत

इंटर्नशिपसाठी पुण्याला जावे, बंगळुरूला की हैदराबादला, याचा हिशेब आजची मुले मांडतात तेव्हा एका बाजूला स्टायपेंड असतो आणि दुसऱ्या बाजूला कॉट बेसिसचे भाडे. उमेदवारीसाठी शहर निवडण्याची ही वेळ कोकणातल्या पोरांवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीही येत होती. मुंबईत गिरण्या होत्या म्हणून ती मुंबईला गेली, असे आपण ऐकत आलो. ते खरे असले तरी अपुरे आहे. कमाई सुरू होण्याआधीचे दिवस जिथे उधारीवर निभावतील ते शहर माणसे निवडत, आणि रत्नागिरीकरांसाठी त्यांच्या आधी गेलेल्या गाववाल्यांनी ती सोय मुंबईत करून ठेवली होती.

गिरणीत नवखा माणूस थेट कायम होत नसे, तो बदली म्हणून लागे. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कुणाचा खाडा पडला असेल तर जॉबर, म्हणजे मुकादम, आत घेणार, नाहीतर आल्या पावली परत. महिन्यात किती दिवस भरतील याचा भरवसा नाही, आणि भरले तरी त्यांचा पगार पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर. पगार सातव्या किंवा दहाव्या दिवसापर्यंत झालाच पाहिजे, असे बंधन 1936च्या वेतन कायद्याने घातले. त्याआधी पहिल्या तारखेला लागलेल्या माणसाने पगार मिळेपर्यंत दीड महिना काय खायचे? लालबाग-परळच्या चाळींत गावकीची खोली असे. भिंतीला लागून ट्रंका, दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. रात्रपाळीवाला परतेपर्यंत दिवसपाळीवाल्याची जागा मोकळी झालेली असे. भाडे वर्गणीतून निघे आणि काम नसलेल्याकडे वर्गणीचा तगादा लागत नसे. जेवण खानावळीत, हिशेब पगाराला. ही खानावळ बहुधा एखाद्या कामगाराची बायको किंवा विधवा आपल्या खोलीतच चालवी. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अशाच बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, कारण किराण्यासाठी त्या सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. म्हणजे नवख्याच्या उमेदवारीचा खर्च बराचसा त्यांच्या चुलीवरून निघत होता, हे गिरणगावाच्या इतिहासात फार कमी ठिकाणी नोंदलेले दिसते.

यावर कोणी म्हणेल, मुंबईत मजुरीच जास्त होती, आणि कोकणातून जायला आगबोट सोपी. मजुरी जास्त होती हे मान्य. पण नुसत्या मजुरीने माणसे ओढली असती तर ती सगळीकडून मिसळून आली असती आणि गिरणीभर विखुरली असती. प्रत्यक्षात खाती आणि चाळी गावा-जातीप्रमाणे भरत गेल्या. सोलापूरच्या गिरण्यांकडे आणि मागांकडे तेलंगणातले पद्मशाली आले, तेही आधी आलेल्यांच्या मागोमाग. आगबोटीचा मुद्दा अर्धाच पटतो. साताऱ्याच्या डोंगरी भागाला समुद्र नाही, पुणे जवळ, तरी तिथली माणसे मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठांत ओझी वाहायला गेली. पुण्यात तेव्हा मुंबईइतके कारखाने नव्हते हे खरेच; म्हणून खोली हे एकमेव कारण आहे असा दावा मी करत नाही. काम देणारा जॉबर होता, खोली नव्हे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण जॉबर भरती करायचा ती ओळखीतून, अनेकदा आपल्याच गावच्या आणि वाडीच्या माणसांतून. त्याच्यापर्यंत पोचायची वाट या खोलीतूनच जात होती.

मुंबईतल्या गोवेकरांच्या कुडींकडे, म्हणजे गावाच्या सामायिक खोल्यांकडे, पाहिले की खोलीचे हे महत्त्व जास्त स्पष्ट होते. धोबीतलाव आणि माझगावच्या या कुडी एकेका गावाच्या. आत गावच्या संताची वेदी, रांगेने पेट्या, संध्याकाळी रोझरी. जहाजावर खानसामा किंवा खलाशी म्हणून जाणाऱ्या तारवट्याला पुढचे जहाज मिळेपर्यंत कधी कधी महिनोन्महिने थांबावे लागे. तेवढा काळ हॉटेलात काढायचा तर मागच्या सफरीची कमाई तिथेच संपली असती.

या सोयीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या ओळखीने एकाला आत घेतले तिनेच दुसऱ्याला बाहेर ठेवले. विणाई खात्यात पगार जास्त होता, पण कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाचा ओठ लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, या विटाळाच्या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात शिरू दिले जात नसे. 1928च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. त्या कामगारांनाही मुंबईत नातेवाईक होते, राहायला आसरा होता. पण त्यांच्या गाववाल्यांची ओळख कमी पगाराच्या कताईपर्यंतच पोचत होती.