घर बांधताय? पाया, वीजतार, स्लॅब आणि संडासाची टाकी : धोका कुठे असतो, कायदा काय म्हणतो

दिवाळी झाली की गावोगाव घरकुलांची आणि घरांची कामं निघतात, ती पार मृग तोंडावर येईपर्यंत चालतात. एक मिस्त्री, दोन-चार बिगारी, सेंट्रिंगवाला आणि भाड्याचा मिक्सर एवढ्यावर घर उभं राहतं. शहरातल्या मोठ्या साइटवर सेफ्टी ऑफिसर असतो, हेल्मेटशिवाय गेटमधून आत सोडत नाहीत. इथं ते बघणारं कुणी नसतं.

बऱ्याचदा कायदाही इथवर पोचत नाही. बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा 10 किंवा जास्त कामगार असलेल्या कामालाच लागू होता, आणि स्वतःला राहण्यासाठी बांधलेलं 10 लाखांपर्यंतचं घर त्यातून वगळलं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात 10 कामगारांची अट तशीच आहे, घराची मर्यादा मात्र 50 लाखांवर गेली. म्हणजे खेड्यातलं जवळपास प्रत्येक घर या नियमांच्या बाहेर. शाळाखोली, पाण्याची टाकी, सभागृह अशा कामांवर 10 माणसं असतील तर ती नियमांत येतात. घराच्या कामावर मात्र मालक आणि मिस्त्री या दोघांनीच काळजी घ्यायची आहे.

पाया खोदताना

जुनं मातीचं घर पाडून त्याच जागी नवं बांधायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. शेजाऱ्याची पांढऱ्या मातीची भिंत तशीच उभी असते आणि तिच्या बुडाशी जेसीबी चालतो. भिंतीचा आधार गेला की ती आधी सांगून पडत नाही. अशा ठिकाणी पूर्ण लांबी एकदम न खोदता तुकड्या-तुकड्यानं खोदावी, आणि आधी भिंतीला बल्ल्यांचा टेका द्यावा.

काळ्या मातीचा खड्डा सकाळी ताठ दिसतो म्हणून फसू नका. ही माती उन्हात तडकते, पाणी लागलं की फुगते, आणि त्या तड्यांतूनच कडा सुटते. दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फुटांपेक्षा खोल चर असेल तर बाजूंना फळ्या-बल्ल्यांचा आधार हवा, नाहीतर कडा उतरती कापावी. उपसलेली माती काठावर रचू नये, निदान पाच फूट लांब टाकावी. ट्रॅक्टर, जेसीबीही काठापासून लांब. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस तोंड उघडं असलं तरी श्वास घेऊ शकत नाही.

वरून जाणारी तार

सळई 12 मीटर लांब येते. ती उभी करून गच्चीवर ओढताना टोक कुठं जातंय हे खालच्याला दिसत नाही. गावातून जाणारी मोठी लाइन बहुधा 11 केव्हीची असते. नियमानुसार अशी लाइन इमारतीच्या बाजूने निदान 1.2 मीटर आणि वरून निदान 3.7 मीटर लांब असायला हवी. एक मजली घराला अंतर पुरतं, वर मजला चढवला की पुरत नाही. म्हणून मजला ठरवण्याआधी वीज कंपनीकडे लाइन हलवायचा अर्ज करावा. तोवर तारेच्या बाजूने सळई, पाइप, शिडी काहीही चढवू नये. मिक्सर-व्हायब्रेटरला आकडा टाकून वीज घेतात तिथं 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसतो, आणि ओल्या हातानं काम करणाऱ्याचा जीव तोच वाचवतो.

स्लॅबच्या बल्ल्या

सेंट्रिंगवाल्याला सामान पुढच्या साइटवर न्यायचं असतं, त्यामुळे घाई त्याचीच असते. आयएस 456 या मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबच्या बल्ल्या निदान 7 दिवस ठेवायच्या, त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस. बीम सहा मीटरपर्यंत असेल तर 14, त्यापुढे 21 दिवस. हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे आहेत. दुकानात आता बहुतेक पीपीसीची गोणी मिळते, ती सावकाश ताकद धरते. तिला दिवस वाढवूनच द्यावेत. बल्लीखाली विटेचे तुकडे लावून उंची जुळवणं तर बंदच करा. खाली माती असेल तर फळी टाका.

पहाडाचं थोडक्यात : कुजकी बल्ली, जुनी सुतळी नको. उभं राहायला दोन फळ्या तरी हव्यात, बाहेरच्या बाजूला कमरेएवढा आडवा बांबू हवा. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर या बेतानं लावावी आणि वरच्या टोकाला बांधावी.

नव्या टाकीतला धोका

याला आपल्याकडे सेफ्टी टाकी म्हणतात, पण हा धोका सगळ्यात कमी लोकांना ठाऊक आहे. टाकी नवीकोरी, मैल्याचा थेंब नाही, म्हणून आत उतरायला कुणी कचरत नाही. स्लॅब पडून महिना झालेला असतो. झाकणाएवढं तोंड सोडलं तर सगळं बंद, आत ओल्या फळ्या आणि साचलेलं पाणी. लाकूड कुजताना आतला ऑक्सिजन संपतो. हवेत तो साधारण 21 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला तर आत उतरू नये असा दंडक आहे. फारच कमी झाला तर माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. मग दुसरा त्याला काढायला उतरतो, त्याच्यामागं तिसरा. एकाच टाकीत एकाच घरची माणसं जातात ती अशी.

फळ्या काढायच्या आदल्या दिवशी तोंड पूर्ण उघडं करा, साचलेलं पाणी उपसा, आणि उतरण्याआधी व उतरल्यावरही ब्लोअरनं हवा आत सोडत राहा. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर, वर दोन धट्टी माणसं. मेणबत्ती पेटवून बघू नका, आत पेटणारा वायू असू शकतो. आतला माणूस पडला तर दोरानंच ओढा, 112 आणि 108 ला फोन करा, स्वतः उतरू नका.

नोंदणी आणि भरपाई

काम उक्तं दिलं तर मजुरांचा मालक ठरतो तो ठेकेदार किंवा मिस्त्री. भरपाई त्याच्याकडून. मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक मजुरीचा निम्मा गुणिले वयाचा ठरलेला गुणांक. मजुरी 15,000 रुपयांपर्यंत धरतात. 30 वर्षांच्या मजुराचा गुणांक 207.98, म्हणजे रक्कम 15 लाख 59 हजार 850 रुपये. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. आता गावच्या मिस्त्रीकडे एवढे पैसे कुठून येणार, हे सगळ्यांना माहीत आहे. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण त्यानं मजुराच्या घरची चूल पेटत नाही.

म्हणून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळातली नोंदणी महत्त्वाची. वय 18 ते 60 आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम एवढीच मुख्य अट. दाखला ठेकेदार, अभियंता किंवा ग्रामसेवक देतात. सोबत आधार, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुक, फोटो. शुल्क नावापुरतं 1 रुपया, एजंटची गरज नाही. अर्ज ऑनलाइन किंवा तालुका कामगार सुविधा केंद्रात. कामावर मृत्यू झाल्यास वारसांना 5 लाख, नैसर्गिक मृत्यूला 2 लाख मिळतात. दरवर्षी नूतनीकरण चुकवू नका, अपघाताच्या दिवशी नोंदणी जिवंत नसेल तर पैसे अडकतात.

भांड्यांच्या संचासाठी केंद्रावर रांग लागते, त्यात वाईट काही नाही. त्याच मंडळाच्या सुरक्षा संचातलं हेल्मेट मात्र घरी खुंटीला लटकलेलं दिसतं. ते कामावर न्या. घरमालकानं काम ठरवतानाच मिस्त्रीला विचारावं की तुमच्या किती माणसांची नोंदणी चालू आहे, आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवावा.