शाळेत यंत्र आलं तेव्हा



'मोबाईलनं पोरं बिघडली' असं आपल्या गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच. आणि त्याच बैठकीत 'पोरीला कम्प्युटर आला पाहिजे' असंही. हे असं दोन्हीकडून का, ते जरा मागं जाऊन पाहू.

१९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी मराठीत टीव्हीचे कार्यक्रम होऊ लागले. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच, १९८२ मध्ये, चंद्रपुरातून वेगळा झालेला. जंगलातल्या कितीतरी गावांत वीजच नव्हती, मग टीव्ही चांगला की वाईट हा वाद तिथं कोण घालणार?

कम्प्युटरचं वेगळं झालं. ऐंशीच्या दशकात बँकांतल्या कर्मचाऱ्यांनी त्याला विरोध केला, नोकऱ्या जातील म्हणून. पुढं २००१ मध्ये एमएस-सीआयटी आली, सरकारी नोकरीला ती लागू लागली आणि वारं फिरलं. धान विकून फी भरली गेली. मुलासाठी लगेच. मुलीच्या वेळी मात्र आधी एसटीचा आणि परतताना पडणाऱ्या अंधाराचा विचार.

२०१५ नंतर जिल्हा परिषदेच्या शाळा 'डिजिटल' करायची मोहीम निघाली. राज्यात गावोगावी लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर आले. माझं म्हणणं, ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी विचारावंही: संच चालतो का, विजेचं बिल कोण भरतं?

मग २०२० आलं. शाळा बंद, अभ्यास फोनवर. भामरागड, एटापल्लीकडं रेंजसाठी टेकडी चढावी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. त्या वेळी नागपूर आकाशवाणीवर 'शाळेबाहेरची शाळा' सुरू झाली, 'प्रथम' संस्थेच्या मदतीनं. रेडिओला रिचार्ज लागत नाही. चुलीजवळ भाकरी थापता थापता आईलाही धडा ऐकू येतो, पोराला काय शिकवतात ते कळतं. फोनमध्ये मान घातलेल्या पोराचं तसं कळत नाही. आपल्या धास्तीचं मूळ मला तिथं दिसतं. अर्थात माडिया, गोंडी बोलणाऱ्या घरातल्या लहानग्याला मराठी धडा रेडिओवर आला काय नि फोनवर आला काय, अवघड तो अवघडच.

'असर'च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या १०० पैकी साधारण ३६ मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२० मध्ये ६२ मुलांच्या. पण २०२१ च्या पाहणीत असंही निघालं, की घरात फोन असलेल्या चारांतल्या एका मुलाला तो अभ्यासाला मिळतच नव्हता. फोन बापाच्या खिशात, आणि बाप कामावर.